दृष्टांत : स्वप्न, अभ्यास आणि स्फूर्ति

सातारा-सांगलीकडील गांवांतून एखाद्या जुन्या देवळाची हकीकत विचारली, तर ती बहुधा एका ठराविक वाक्यापाशीं येऊन थांबते : अमक्याला दृष्टांत झाला. कोणाच्या तरी स्वप्नांत देव आला, आपण अमुक डोहांत किंवा अमुक झाडाखालीं आहों असें त्यानें सांगितलें, दुसऱ्या दिवशीं गांव जमला आणि मूर्ति सांपडली. सांगणाऱ्याचें तेवढ्यावर समाधान होतें, ऐकणाऱ्याचेंहि होतें. दृष्टांत ह्या शब्दाच्या पलीकडे जाण्याची गरज कोणालाच वाटत नाहीं.

वास्तविक हा शब्द विचार करण्यासारखा आहे. साहित्यशास्त्रांत दृष्टांत हा एक अलंकार आहे. एखादी गोष्ट नुसत्या विधानानें मनांत ठसेना, म्हणजे तिच्याशीं जुळणारी, डोळ्यांपुढें उभी राहील अशी दुसरी गोष्ट सांगावयाची, हें त्याचें काम. महानुभावांच्या वाङ्मयांत 'दृष्टांतपाठ' नांवाचा स्वतंत्र ग्रंथच आहे. श्रीचक्रधरांनीं निरूपणाच्या ओघांत सांगितलेल्या लहान लहान गोष्टी त्यांत केशिराजबासांनीं एकत्र केल्या. ज्ञानेश्वरीचें वैभव तर दृष्टांतांतच आहे. कवीची युक्ति आणि झोंपेंतील दर्शन ह्या दोहोंना मराठीनें एकच शब्द दिला, ह्यांत भाषेचा घोंटाळा नाहीं. त्यांत पुष्कळ अनुभव सांठविलेला आहे. स्वप्न देखील शब्दांत न मावणारी गोष्ट चित्र करून पुढें ठेवतें. फरक एवढाच कीं हा दृष्टांत कशाचा, तें कवि सांगतो आणि स्वप्न सांगत नाहीं.

चाफळच्या राममंदिराची कथा ह्या प्रकारांत विशेष प्रसिद्ध आहे. तीर्थाटन संपवून समर्थ रामदास कृष्णाकांठीं आले, आणि शके १५७० मध्यें, म्हणजे १६४८ सालीं, त्यांनीं चाफळ येथें रामाची स्थापना केली. मूर्ति साताऱ्याजवळील अंगापूरच्या डोहांतून काढली. ती तेथें असल्याचा समर्थांस स्वप्नांत दृष्टांत झाला होता, असें संप्रदायाची परंपरा सांगते. त्याच डोहांत अंगलाई देवीचीहि मूर्ति मिळाली, व ती पुढें सज्जनगडावर गेली.

परंपरेची ही कथा कोणी शब्दशः घ्यावी, कोणी न घ्यावी. रामदासांच्या दुसऱ्या एका स्वप्नाची साक्ष मात्र त्यांच्याच काव्यांत आहे. 'आनंदवनभुवनीं' ह्या प्रकरणांत रात्रीं पाहिलेलें स्वप्न दिवसा साकार होत असल्याचा आनंद त्यांनीं गायिला आहे. आनंदवन हें काशीचें जुनें नांव. त्या आनंदवनांत देवांचीं सैन्यें दुष्टांवर तुटून पडतात, उध्वस्त झालेलीं तीर्थें पुन्हां उभीं राहतात, आणि शेवटीं स्नानसंध्येला पाणी विपुल होतें. ह्या काव्याचा संबंध अनेक अभ्यासक १६७४ च्या राज्याभिषेकाशीं जोडतात, आणि तो जोडण्यास सबळ कारण आहे. परंतु येथें पाहण्यासारखें आहे तें दुसरेंच. टाकळीस बारा वर्षें पुरश्चरण आणि त्यानंतर बारा वर्षें देशभर पायपीट, असा रामदासांच्या तरुणपणाचा हिशेब संप्रदाय देतो. त्या पायपिटींत त्यांनीं जीं भग्न देवळें, ओस गांवें आणि सुने घाट पाहिले, त्यांचेंच हें स्वप्न उलट बाजूनें विणलेलें आहे. स्वप्नांत सुद्धां हा पुरुष हिंडत हिंडतच आनंदवनाला पोंचतो! पालखीनें किंवा विमानानें नव्हे. आणि विजयानंतर त्याला सोन्याचे कळस आठवत नाहींत. नदीचें पाणी आठवतें. घाटाघाटावर स्नानाला उतरलेल्या मनुष्याचेंच हें स्वप्न आहे.

स्वप्नाचें सामान जागेपणींच गोळा झालेलें असतें, ही गोष्ट आपल्या वैद्यांना फार पूर्वीं ठाऊक होती. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानांत स्वप्नांचे सात वर्ग केले आहेत : पाहिलेल्या गोष्टीचें, ऐकलेल्याचें, अनुभवलेल्याचें, इच्छिलेल्याचें, कल्पिलेल्याचें, पुढें घडणाऱ्याचें सूचक, आणि शरीरांतील दोषांमुळें पडणारें. ह्यांपैकीं पहिलीं पांच निष्फळ समजावीं, असें चरकाचें मत आहे. वैद्याच्या दृष्टीनें तें रास्तच. रोगी वांचेल कीं दगावेल हें ठरवितांना त्यानें काल काय पाहिलें आणि परवां काय ऐकलें ह्याचा उपयोग नाहीं. पण रोग्याकडून कवीकडे वळलें कीं हा न्याय उलटतो. पाहिलेलें, ऐकलेलें, अनुभवलेलें, इच्छिलेलें आणि कल्पिलेलें, ह्यांवांचून कवीजवळ दुसरें भांडवल तें कोणतें? चरकानें निष्फळ म्हणून बाजूस ठेवलेलीं नेमकीं तींच पांच वाङ्मयाला फळतात.

लोकांत मात्र प्रतिष्ठा मिळाली ती सहाव्या प्रकाराला. दांत पडले तर अमुक, पाण्यांत बुडालें तर तमुक, साप दिसला तर आणखी कांहीं, अशीं स्वप्नफलांचीं कोष्टकें पुष्कळ घरांत चवीनें वाचलीं गेलीं. कोष्टकाचा मोठा दोष असा कीं तें स्वप्न पाहणाऱ्याची चौकशीच करीत नाहीं. साप ज्याच्या स्वप्नांत आला तो मनुष्य बत्तीस शिराळ्याचा आहे, जेथें पिढ्यान् पिढ्या नागपंचमीला नागाची पूजा होत आली. कीं ज्यानें साप फक्त चित्रांत पाहिला असा मुंबईच्या चाळींतला कारकून आहे. ह्याचें कोष्टकाला सोयरसुतक नाहीं. दोघांना एकच फळ! स्वप्नाला गुप्त अर्थ असेलच तर तो सापांत असणार नाहीं. त्या सापाचें त्या माणसाशीं जें नातें असेल, त्यांत तो शोधावा लागेल.

ह्या दृष्टीनें मराठी वाङ्मयांतील सर्वांत बोलकें स्वप्न संत बहिणाबाईचें आहे. तें पडलें कोल्हापुरास. परंतु त्याची पूर्वतयारी सातारा प्रांतांतील एका कीर्तनकारानें केली.

सतराव्या शतकांत कृष्णेच्या ह्या खोऱ्यांत विद्येचा आणि भक्तीचा मोठा बहर होता. रामदासपंचायतन म्हणून जे पांच सत्पुरुष प्रसिद्ध आहेत, त्यांत स्वतः रामदास, निगडीचे रंगनाथस्वामी, वडगांवचे जयरामस्वामी, ब्रह्मनाळचे आनंदमूर्ति आणि भागानगरचे केशवस्वामी येतात. भागानगर म्हणजे हैदराबाद. तेवढे केशवस्वामी सोडले तर बाकीचे चौघे सातारा-सांगलीच्या टापूंतलेच. पैकीं खटाव तालुक्यांतील वडगांवचे जयरामस्वामी कोल्हापुरास जाऊन कीर्तनें करीत, आणि त्या कीर्तनांत तुकारामांचीं पदें गात.

त्या श्रोत्यांत एक लहान वयाची ब्राह्मण स्त्री असे. वेरूळजवळच्या देवगांवीं जन्मलेली ही बहिणा बालपणींच गंगाधर पाठक नांवाच्या प्रौढ बिजवराला दिलेली होती. आईबाप आणि पति ह्यांच्याबरोबर गांवें बदलीत ती कोल्हापुरास येऊन राहिली. पुढची सारी हकीकत तिनें आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितली आहे. मराठींत स्त्रीनें लिहिलेल्या आत्मचरित्रांत इतकें जुनें आणि इतकें स्पष्ट दुसरें सांपडणें कठीण. दान मिळालेल्या एका कपिला गाईचें वासरूं तिच्या मागें कीर्तनाला देखील येई. जयरामस्वामींनीं त्या वासराचें आणि तिचें कौतुक केलें, लोकांत बोलणें झालें, आणि पतीला राग येऊन त्यानें तिला बांधून मारलें. पुढें वासरूं मेलें. बहिणा बेशुद्ध पडली. शुद्धीवर आल्यावर तिच्या मनांत एकच ध्यास राहिला : कीर्तनांत ज्यांचीं पदें ऐकलीं ते तुकाराम. देहू दूर, तुकारामांना तिनें कधीं पाहिलेलें नाहीं, आणि पाहण्याची आशाहि नाहीं. सात दिवस तिनें त्या ध्यासांत काढले. सातव्या दिवशीं, कार्तिक वद्य पंचमी रविवारीं, तुकाराम स्वप्नांत आले. त्यांनीं मस्तकावर हात ठेविला, कानांत मंत्र सांगितला आणि 'मंत्रगीता' नांवाचा ग्रंथ हातांत दिला.

ग्रंथ दिला, ही गोष्ट येथें सहज म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं. जिला वेदाध्ययनाचा अधिकार नाहीं, जिला पुराणहि दुसऱ्याच्या तोंडून ऐकावें लागतें, तिच्या हातांत स्वप्न एक पुस्तक ठेवतें! आणि तें देणारा तरी कोण? शास्त्राप्रमाणें ज्याला स्वतःलाच तो अधिकार नाहीं, असा देहूचा वाणी. जागेपणीं ह्या देण्याघेण्याला एकाहून एक अडथळे होते. जात, स्त्रीत्व, पतीची आज्ञा, वाटेचें अंतर. स्वप्नानें ते सगळे एका रात्रींत ओलांडले. ह्या स्वप्नाचा सुप्त अर्थ शोधण्यास फार खोल जावें लागत नाहीं.

सिग्मंड फ्रॉइड ह्या व्हिएन्नाच्या वैद्यानें स्वप्नार्थावरील आपला ग्रंथ १८९९ च्या नोव्हेंबरांत काढला. पुस्तकावर साल मात्र १९०० छापलें होतें. स्वप्नाचा दिसणारा भाग वेगळा आणि दडलेला भाग वेगळा, हें त्याचें मुख्य सांगणें. मनाचा पहारेकरी जी इच्छा जागेपणीं वर येऊं देत नाहीं, ती वेष पालटून स्वप्नांत शिरते. अनेक माणसें एका मूर्तींत मिसळतात, महत्त्वाची गोष्ट क्षुल्लक गोष्टीच्या आड लपते, आणि विचाराचें चित्र होतें. ह्यांतील शेवटचा व्यापार म्हणजे आपला अलंकारशास्त्रांतला दृष्टांतच होय. हा विचार हिंदुस्थानांत लवकर पोंचला. कलकत्त्यास गिरींद्रशेखर बोस ह्यांनीं १९२२ सालीं मनोविश्लेषणाची भारतीय संस्था स्थापन केली, स्वप्नांवर बंगालींत पुस्तकहि लिहिलें, आणि फ्रॉइडशीं पत्रव्यवहार करून कांहीं मुद्द्यांवर त्याच्याशीं मतभेदहि नोंदविला. प्रत्येक स्वप्न इच्छापूर्तीचेंच असतें, हें फ्रॉइडचें मत पुढील संशोधकांनीं जसेंच्या तसें मान्य केलें नाहीं, व तें बरेंच झालें. नाहीं तर एका कोष्टकाच्या जागीं दुसरें कोष्टक आलें असतें. परंतु एक नियम त्यानें घालून दिला तो टिकाऊ आहे : अर्थ सांगण्यापूर्वीं स्वप्न पाहणाऱ्याला बोलूं द्यावें. त्या स्वप्नावरून त्याला काय काय आठवतें, तें ऐकावें.

बहिणाबाईला आज विचारणें शक्य नाहीं. पण तिनें न विचारतां सांगून ठेविलें आहे. कीर्तन, वासरूं, मार, बेशुद्धि, सात दिवसांचें स्मरण, हा सर्व क्रम तिनें स्वप्नाच्या आधीं मांडला आहे. स्वप्न एकटें उचलून चमत्कार म्हणून दाखविण्याची संधि तिला होती. तिनें तें केलें नाहीं, हा तिच्या प्रामाणिकपणाचा मोठा पुरावा मानला पाहिजे.

स्वतः तुकारामांची दीक्षाहि स्वप्नांतच झाली होती. माघ शुद्ध दशमीला, गुरुवारीं, स्नानाला जात असतां वाटेंत बाबाजी भेटले, त्यांनीं डोक्यावर हात ठेविला आणि रामकृष्णहरि हा मंत्र दिला. ह्या प्रसंगाच्या अभंगांत एक तपशील असा आहे कीं तो बनवून सांगणाऱ्याला सुचला नसता. गुरूंनीं जेवणासाठीं पावशेर तूप मागितलें, आणि शिष्याला स्वप्नांत त्याचा विसर पडला. आयुष्यांतील सर्वांत मोठी घटना, आणि तिच्यांत राहून गेलेलें तूप! दुकानदारी केलेल्या, पै-पाहुण्यांच्या घरांत वाढलेल्या माणसाच्या मनाला ही रुखरुख लागावी हें अगदीं स्वाभाविक आहे. अशा ठिकाणीं स्वप्नाचा खरेपणा पटतो. दुसऱ्या एका स्वप्नांत नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि आपल्या अपुऱ्या राहिलेल्या अभंगांची संख्या पुरी करण्याचें काम त्यांनीं तुकारामांवर सोंपविलें. पुढें अठराव्या शतकांत ताहराबादच्या महीपतींना संतचरित्रें लिहिण्याची आज्ञा स्वप्नांत तुकारामांनीं केली. असा हा वारसा नामदेवांपासून तुकारामांपर्यंत आणि तुकारामांपासून बहिणाबाई व महीपति ह्यांच्यापर्यंत स्वप्नांच्या वाटेनें आला.

ह्या सर्वांना स्वप्नानें दिलें तें काय, असें कोणी विचारील. शब्दसंपत्ति स्वप्नानें दिली नाहीं. तुकारामांनीं दुष्काळाच्या आघातानंतर संतांचीं वचनें कष्टानें पाठ केलीं होतीं, आणि तसें त्यांनीं स्वतःच सांगितलें आहे. बहिणाबाईचे कान कीर्तनांनीं तयार झाले होते. स्वप्नानें दिली ती परवानगी. ज्याला जागेपणीं 'तूं लिही' असें म्हणणारें कोणी नव्हतें, त्याला तें स्वप्नांत कोणी तरी म्हणालें.

ह्याची उलट बाजू मिरजेस पाहावयास मिळते. मिरजेच्या वेणाबाई बालविधवा. तुळशीपाशीं बसून त्या एकनाथी भागवत वाचीत असतां भिक्षेला आलेल्या रामदासांनीं, मुली, वाचतेस तें समजतें काय, असें विचारलें. आणि समजत नाहीं म्हणून मनांत दाटलेले प्रश्नांमागून प्रश्न तिनें त्यांना केले, अशी कथा आहे. त्यांतून शिक्षण सुरू झालें. लोकापवाद उठला, घरच्यांनीं छळ मांडला. पण पुढें ह्याच विधवेला रामदासांनीं कीर्तनाला उभें केलें, मिरजेच्या मठाचा अधिकार दिला, आणि तिनें 'सीतास्वयंवर' हें काव्य रचलें. तिची समाधि सज्जनगडावर आहे. वेणाबाईच्या कथेंत उपदेशाचें स्वप्न नाहीं, आणि नसावें हें नवल नाहीं. जिचे प्रश्न ऐकून घेणारा गुरु अंगणांत उभा होता, तिला त्याच्यासाठीं झोंपेची वाट पाहावी लागली नाहीं.

जातां जातां एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. मिरजेहून तीन कोसांवर सांगली. तेथें १८४३ सालीं विष्णुदास भावे ह्यांनीं रंगभूमीवर आणलेलें, ज्यापासून मराठी नाटकाचा आरंभ मोजतात तें नाटकहि 'सीतास्वयंवर'च होतें. भाव्यांना दृष्टांत झाला नव्हता. आदल्या वर्षीं कर्नाटकांतील भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले, ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनीं तसें कांहीं मराठींत करण्यास त्यांना सांगितलें. कोणाला देव सांगतो, कोणाला संस्थानिक. आधीं कांहीं पाहिलेलें-ऐकलेलें असावें लागतें तें दोघांनाहि.

काव्य कशानें निर्माण होतें ह्याचें उत्तर अकराव्या शतकांत मम्मटानें 'काव्यप्रकाशां'त दिलें आहे. जन्मजात शक्ति, लोकव्यवहार, शास्त्रें आणि पूर्वींचीं काव्यें ह्यांच्या अवलोकनानें आलेली निपुणता, आणि जाणत्याच्या हाताखालीं केलेला अभ्यास. ह्या तीन गोष्टी मिळून कारण एकच आहे, तीं तीन सुटीं कारणें नव्हत, असें तो मुद्दाम बजावतो. स्फूर्तीच्या गोष्टी सांगतांना पहिल्या गोष्टीचा बडेजाव होतो आणि बाकीच्या दोन गाळल्या जातात. रामानुजन् ह्यांना नामक्कलची नामगिरी देवी स्वप्नांत सूत्रें दाखवी, हें सर्वांना ठाऊक असतें. परंतु ऐन पौगंडावस्थेंत कार नांवाच्या ग्रंथकाराचा सहस्रावधि प्रमेयांचा जाडा संग्रह हातीं पडल्यावर हा मुलगा पाटीवर रात्रंदिवस तीं प्रमेयें सोडवीत बसला होता, हें पुष्कळांच्या कानांवर गेलेलें नसतें.

विज्ञानांतील एक प्रसंग येथें फार उपयोगी आहे, कारण त्यांत स्वप्नाची परीक्षा लगेच प्रयोगशाळेंत झाली. ऑटो लोवी हा ऑस्ट्रियांतील ग्राट्झ येथें प्राध्यापक होता. मज्जातंतु हृदयाला आज्ञा देतात ती विजेच्या झटक्यानें कीं एखाद्या रसायनाच्या द्वारें, हा त्या काळचा वाद. रसायनाची कल्पना लोवीला १९०३ सालींच सुचली होती; पण ती सिद्ध कशी करावी हें न सुचल्यामुळें तो ती विसरून गेला. सतराएक वर्षांनीं एका रात्रीं तो स्वप्नांतून जागा झाला, कागदावर कांहीं खरडलें आणि पुन्हां झोंपला. सकाळीं स्वतःचेंच अक्षर लागेना! तो दिवस त्यानें मोठ्या तळमळींत काढला. दुसऱ्या रात्रीं तीन वाजतां तीच कल्पना पुन्हां आली. ह्या वेळीं तो कागदाच्या नादीं लागला नाहीं. उठून सरळ प्रयोगशाळेंत गेला. बेडकाच्या एका हृदयाची गति मज्जातंतु उद्दीपित करून मंद केली, त्या हृदयाभोंवतींचा द्रव दुसऱ्या हृदयावर घातला, तों तेंहि मंदावलें. ह्या शोधासाठीं १९३६ सालीं त्याला हेन्री डेल ह्यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. स्वप्नानें येथें नवें असें एकच केलें : सतरा वर्षें वेगवेगळ्या कप्प्यांत पडून राहिलेल्या दोन गोष्टी, जुनी कल्पना आणि हातची प्रयोगरीति, एकत्र आणून ठेविल्या.

बेन्झीनच्या वलयाचें केकुलेचें स्वप्न ह्याहून अधिक गाजलें. स्वतःची शेपटी तोंडांत धरलेला साप तो हाच. पण ती हकीकत त्यानें १८९० सालीं, शोधानंतर पंचवीस वर्षांनीं, एका सत्कारसमारंभांत सांगितली. इतक्या उशिरा सांगितलेल्या स्वप्नावर फार भार टाकूं नये.

झोंपेंत मेंदु काय करतो ह्याचा शोध विसाव्या शतकांत पद्धतशीर सुरू झाला. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत जेन्किन्स आणि डालेनबाक ह्यांनीं १९२४ सालीं निरर्थक अक्षरें पाठ करवून पाहिलीं, तेव्हां पाठांतरानंतर जागें राहणाऱ्यापेक्षां झोंपणाऱ्याच्या तीं अधिक लक्षांत राहिलीं. १९५३ सालीं शिकागो येथें अॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन ह्यांनीं झोंपेची एक विशिष्ट अवस्था दाखवून दिली. तिच्यांत मिटलेल्या पापण्यांखालीं डोळे वेगानें हालतात, आणि त्या वेळीं उठविलेला मनुष्य बहुधा स्वप्न सांगतो. पहांटे पाठ केलेलें पक्कें बसतें म्हणून मुलांना उठविणाऱ्या घरांनीं आदल्या रात्रीच्या झोंपेकडेहि लक्ष द्यावें, असाच ह्या संशोधनाचा रोख आहे.

ह्याहून महत्त्वाचा प्रयोग जर्मनींतील ल्युबेक येथें झाला व २००४ सालीं प्रसिद्ध झाला. उमेदवारांना आंकड्यांचीं कंटाळवाणीं उदाहरणें करावयास दिलीं. त्या उदाहरणांत एक छुपी युक्ति होती. ती सांपडली तर सारें काम क्षणांत उरके. मात्र तिच्याविषयीं कोणाला अवाक्षरहि सांगितलेलें नव्हतें. थोडा सराव झाल्यावर कांहीं जणांना आठ तास झोंपूं दिलें, कांहींना तितकाच वेळ जागें ठेविलें. पुन्हां उदाहरणें दिल्यावर झोंपून उठलेल्यांत ती युक्ति ओळखणारे जाग्या राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक निघाले. परंतु ज्यांनीं आधीं सराव न करतांच झोंप घेतली होती, त्यांना त्या झोंपेचा असा कांहींहि लाभ झाला नाहीं. मम्मटाच्या तीन गोष्टींपैकीं अभ्यास वजा केला तर काय उरतें, ह्याचें मोजमापच ह्या प्रयोगानें दिलें म्हणावयाचें. ह्या लोकांना त्या रात्रीं कोणतीं स्वप्नें पडलीं हें प्रयोगांत पाहिलेलें नव्हतें; तेव्हां त्याचें श्रेय स्वप्नाला न देतां झोंपेला द्यावें, हें न्याय्य होईल.

इतकें झाल्यावरहि एक गोष्ट प्रयोगशाळेच्या हातीं लागत नाहीं. युक्ति सांपडली कीं न सांपडली हें मोजतां येतें. परवानगी मोजतां येत नाहीं. बहिणाबाईच्या स्वप्नाची किंमत ती जागी झाल्यावर काय घडलें ह्यावरून करावी लागते. बातमी पसरली, लोक तिला पाहावयास येऊं लागले, आणि ब्राह्मणाच्या स्त्रीनें शूद्राला गुरु कसें करावें म्हणून पति संतापला. बायकोला टाकून तीर्थाला निघून जाण्याचा त्यानें बेत केला. पण तो स्वतःच आजारी पडला. महिनाभर ती उशापायथ्याशीं बसून राहिली, आणि त्या दुखण्यांत त्याचें मन पालटलें. अखेर सर्व कुटुंब देहूस गेलें आणि त्यांनीं तुकारामांना प्रत्यक्ष पाहिलें. देहूसहि मंबाजी गोसावी विरोधाला उभाच होता. तुकारामांपाशीं जाऊं नये म्हणून त्यानें ह्या कुटुंबाचा पुष्कळ छळ केला.

बहिणाबाई पुढें शिऊर येथें राहिल्या, आणि तेथेंच १७०० सालीं त्यांनीं देह ठेविला. त्यांच्या गाथेंत संस्कृत 'वज्रसूची'च्या आधारें रचलेले अभंग आहेत. ब्राह्मण म्हणावें तें कोणाला, हा त्यांचा विषय. जीवाला म्हणावें काय, देहाला म्हणावें काय, जन्माला, विद्येला, कीं कर्माला? एकेक पक्ष पुढें घेऊन, तपासून, तो बाजूस सारीत जो ब्रह्म जाणतो तोच ब्राह्मण ह्या निर्णयावर त्या येतात. कोल्हापुरास पतीनें रागाच्या भरांत जो प्रश्न टाकला होता, त्याचें उत्तर त्यांनीं असें पुष्कळ काळानें, पूर्ण जागेपणीं, शास्त्राच्या रीतीनें आणि मराठींत लिहून ठेविलें.